वेसकराचं घर

सकाळी नऊच्या सुमारास कचऱ्याचा डबा आत ओढताना माझा तोल गेला, म्हणून भिंतीला हात लावला, तर विटेचा दर्शनी भाग हातात आला. भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा, काही आवाज न करता. आतली वीट ओली होती. बोट टेकवलं तर लाल गाळ नखात शिरला. तिच्या चारी बाजूंच्या सिमेंटच्या दरजा, विटांमधले सांधे, मात्र जशाच्या तशा, करड्या, कडक, भिंतीतून जरा बाहेर आलेल्या. वीट गेली आणि चौकट राहिली. मी तो तुकडा हातात घेऊन उभा राहिलो आणि पहिल्यांदा काय केलं असेल, तर रस्त्यावरून कोणी बघतंय का ते पाहिलं. मग तो तुकडा जागेवर परत बसवायला गेलो. एकोणसत्तर वर्षांचा माणूस, तीस वर्षं कौन्सिलच्या रस्ते खात्यात इंजिनिअर, आणि पडलेली वीट तळहाताने दाबून धरतोय. अकरा वाजता हॉस्पिटलची बाई घर बघायला येणार होती. तिने हो म्हटलं की तीन वाजता माझी बायको, धम्मशीला, घरी येणार होती. तिने हो म्हणायलाच हवं होतं.

हे घर बघायला लोक थांबतात. नॉटिंगहॅमच्या या भागात बाकी सगळी घरं एका साच्यातली, आणि मध्येच रस्त्याच्या तोंडाशी हे बाहुलीचं घर, उतरत्या छपराचं, छपराच्या कडेने लाकडाची कातीव झालर, दोन खोल्यांना धुराच्या दोन चिमण्या आणि त्या इतक्या उंच की खाली गिरणी असावी. दारावरच्या दगडात १८७१ कोरलंय आणि एका लेस कारखानदाराची आद्याक्षरं. त्याचा हॉल, म्हणजे वाडा, आत अर्ध्या मैलावर होता. तो केव्हाच पाडला, फाटक दुसऱ्या महायुद्धात लोखंडासाठी नेलं, बग्गीच्या वाटेचा डांबरी रस्ता झाला. दगडाचे दोन खांब आणि फाटकवाल्याचं घर तेवढं राहिलं. बडा घर पोकळ वासा म्हणतात, ते या घराला अगदी चपखल बसतं. सगळी शोभा बाहेरच्यांसाठी. आत दोन खोल्या, पोटमाळा आणि एक जिना, ज्यावरून मोठी पेटी वर जात नाही. हॉलच्या बाजूला या घराला एकही खिडकी नाही. मालक बग्गीतून जाताना त्याला नोकराची चूल आणि वाळत घातलेले कपडे दिसू नयेत, म्हणून ती भिंत आंधळी ठेवलेली. पुढच्या खोलीची खिडकी तेवढी तीन अंगांची, भिंतीतून बाहेर आलेली. तिथे बसलं की शहराकडून येणारा दिसतो आणि आतून जाणाराही. ती खिडकी उजेडासाठी नव्हती. ती नजर ठेवण्यासाठी होती, आणि गाडी दिसली की धावत जाऊन फाटक उघडण्यासाठी.

धम्मशीलाने हे घर त्या खिडकीसाठी घेतलं. चौऱ्याण्णव साली, स्वस्तात, कारण इंग्रज माणसाला दोन खोल्यांचं घर नको होतं. ती नर्स होती, ड्यूटीवरून आली की बूट काढून तिथे बसायची, चहा घ्यायची आणि येणाऱ्याजाणाऱ्यांकडे बघायची. आमच्या मुलीचा, अक्षराचा, अभ्यास त्याच खिडकीत झाला. आता सात आठवडे धम्मशीला वॉर्डात आहे. फुप्फुसं आतून कडक होत चाललीत, जाळी धरल्यासारखी, आणि ते मागे वळत नाही, हे तिला डॉक्टरांच्या आधी कळलं होतं. "किती दिवस ते विचारू नका," ती मला म्हणाली, "मला फक्त माझ्या खिडकीपाशी न्या." एवढंच मागितलं तिने. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे फारसं काही मागितलेलं मला आठवत नाही. मागितलं ते हे.

मागच्या वर्षी छातीच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात ओल आहे का, बुरशी आहे का, कबुतरं पाळता का. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "नो, नथिंग लाइक दॅट." मला तेव्हा हायसं वाटलं. वाटलं, तिच्या लक्षातच आलेलं नाही. मागच्या खोलीच्या कोपऱ्यात, तिच्या उशीच्या मागे, दर हिवाळ्यात काळे ठिपके यायचे आणि मी ती ड्यूटीवर असताना ब्लीचने पुसून काढायचो. रिटायर झाल्यावर ती सकाळी ग्रंथालयात जायची, तेव्हा पुसायचो. तिच्या खोकल्याची सुरुवात नेमकी कधी झाली, हा हिशोब मी कधी केला नाही. करायला बसलो असतो तर तो जमला असता.

ओल का आली, हे मला ठाऊक आहे. ठाऊक असण्याचीच तर शिक्षा आहे ही. जुनी वीट मऊ असते, पाणी पिते, आणि चुन्याच्या दरजांमधून ते पाणी परत हवेत सोडते. त्या दरजांमध्ये सिमेंट भरलं की पाण्याची वाट बंद. ते विटेत अडकतं, थंडीत गोठतं, विटेचं तोंड फोडतं, आणि उरलेलं आत खोलीकडे येतं. पहिल्या वर्षाच्या पोराला सांगितलं तरी कळेल. मला कळत होतं. आणि तरी शहाण्णवच्या उन्हाळ्यात मी या घराच्या चारी भिंतींमधला चुना छिन्नीने खरवडून काढला आणि तिथे सिमेंट भरलं. मी आणि दादांनी.

दादा म्हणजे माझे वडील, बबन. त्या वर्षी सत्तरीचे होते. जन्मात एकदाच विमानात बसले, आणि तेही मुलाचं घर बघायला. फलटणजवळच्या आमच्या गावात माझे आजोबा वेसकर होते. वेशीवर राहायचं, घुंगरांची काठी घेऊन रात्रभर गस्त घालायची, पाहुणा आला की पुढे पळत जाऊन पाटलाला वर्दी द्यायची, आणि संध्याकाळी दारोदार फिरून भाकरी गोळा करायची. वेशीच्या आत घर नाही, बाहेर रान. ज्या वर्षी आम्ही धम्म घेतला, त्या वर्षी दादांनी ती काठी नीरा नदीत सोडली आणि पुण्याला येऊन बांधकामावर पाट्या वाहायला लागले. पुढे हातात थापी आली, ओळंबा आला. हाताखाली चार माणसं असलेले गवंडी झाले आणि त्यावर मला इंजिनिअर केलं. मी त्यांना हे घर दाखवलं ते किती ऐटीत. दगडावरचं साल दाखवलं, चिमण्या दाखवल्या, झालर दाखवली. हॉल, बग्गी, फाटक, सगळा इतिहास सांगितला. दादा त्या तीन अंगांच्या खिडकीत उभे होते. एकदा रस्त्याकडे बघितलं, एकदा आत जाणाऱ्या वाटेकडे.

"म्हंजे वेसकराचंच घर घेतलंस की रं," ते म्हणाले.

आणि हसले. धम्मशीलाही हसली. मी हसलो नाही. दादा पुढे दोन दिवस फारसं बोलले नाहीत. त्यांना आपण बोलून गेलो याचं वाईट वाटत होतं की मी इतक्या लांब येऊन तेच केलं याचं, हे मी कधी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी ते सकाळी बाहेर भिंतीपाशी उभे दिसले, नखाने दरजेतला चुना उकरत होते. तो पिठासारखा खाली पडत होता. "कच्चं हाय," ते म्हणाले. "पक्कं करू."

पक्कं. हा शब्द ज्यांच्या घरात तीन पिढ्या मातीच्या भिंती होत्या त्यांनाच कळतो. कौन्सिलच्या दुसऱ्या एका खात्यातून तेव्हा पत्र आलं होतं, कोणा शेजाऱ्याने कळवलं असणार. धम्मशीलाने ते जेवताना वाचून दाखवलं आणि दादांसाठी मराठीत सांगितलं, की घर जुनं आहे, सिमेंट वापरू नका, चुनाच वापरा, नाहीतर भिंत आत ओल धरेल. दादा जेवायचे थांबले. "चुना देवळाला," ते म्हणाले. "घाण्यात मळायचा आमच्या मान्सांनी, गूळ घालून, हिरडा घालून, हाताची सालं जायची. आन् भिंतीला लागला की आमची सावली पडाया नको. सिमेंट बरं. पिशवी फोडली की समद्यास्नी सारखं." धम्मशीला माझ्याकडे बघत होती. मी रोज काँक्रीटचे नळे टाकणारा माणूस, मला उत्तर माहीत होतं. मी म्हणालो, या लोकांना जुन्याचं फार कौतुक असतं. ते पत्र मी ड्रॉवरमध्ये टाकलं.

आणि तो उन्हाळा माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा होता, हे मी आज नाकबूल करणार नाही. दादा आणि मी सहा आठवडे खांद्याला खांदा लावून होतो. त्याआधी आम्ही कधी दहा वाक्यं सलग बोललो नव्हतो. ते मला थापी कशी धरायची ते शिकवायचे. डिग्रीवाल्या मुलाला मसाला कालवता येत नाही म्हणून चेष्टा करायचे. शेवटची दरज खिडकीच्या खाली भरली, तिथे ओल्या सिमेंटमध्ये त्यांनी अंगठा दाबला. "सही," म्हणाले. तो अंगठा अजून तिथे आहे. पावसाने त्याची एक रेघ गेलेली नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते आम्ही बापलेकांनी अक्षरशः करून ठेवलंय.

मी नंतर काउंटीच्या दप्तरात जाऊन या घराची माहिती काढली होती. १८८१च्या जनगणनेत इथे एक विधवा आहे, हॅना विडोसन, वय सेहेचाळीस, धंदा फाटक उघडणे, आणि पाच मुलं. नवरा हॉलच्याच बागेत कामाला होता. तो गेल्यावर मालकाने तिला उपकार म्हणून इथे ठेवलं असणार. दाराशेजारी घंटेचा लोखंडी आकडा आहे, त्याच्या खाली वीट झिजून खोलगट झालीये, तिथे ती हात टेकून उभी राहायची असं मी अक्षराला लहानपणी सांगायचो. खरंखोटं कोणाला माहीत. पण तिच्या पाच मुलांना या दोन खोल्यांत ओल लागली नाही. चुना होता. आम्ही पक्कं केलं नव्हतं.

तर गेले चार दिवस मी काय केलं ते सांगतो. भाड्याने हवा कोरडी करायचं यंत्र आणलं, ते रोज दोन बादल्या पाणी काढत होतं. हीटर लावले. भिंत खरवडली, ब्लीच मारलं, डाग दाबणाऱ्या रंगाचे दोन हात दिले, वर पांढरा. खिडक्या उघडून वास घालवला. हॉस्पिटलचा पलंग आला, तो तिच्या खिडकीपाशी लावला. ऑक्सिजनचं मशीन ठेवून गेले. काल दुपारी खोली इतकी छान दिसत होती की मला स्वतःलाच पटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि आज सकाळी ही वीट.

हॉस्पिटलची बाई, निधी, बरोबर अकराला आली. पंचविशीची, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. दार उघडताच ती मराठीत बोलायला लागली, तेव्हा माझा जीव अर्धा झाला. इंग्रजीत खोटं बोलायची मी मनाची तयारी केली होती.

"काका, जय भीम. मी लंडनची, ईलिंगची आहे, आई प्रत्येक जयंतीला आम्हाला घेऊन जायची. माझा मराठी थोडा वीक आहे, सॉरी हां."

"छान बोलतेस तू," मी म्हणालो.

तिने दाराची रुंदी मापली, जिना बघितला, पलंगाची उंची बघितली, मशीनची वायर कुठून जाते ते बघितलं. प्रत्येक गोष्टीला टॅबवर बोट लावत होती. खिडकीपाशी थांबली. "वॉव, काका, काय व्ह्यू आहे. आँटी मला रोज हेच सांगतात. म्हणतात, मी घरी गेले की तू रस्त्यावरून जा, मी हात करेन." मी तिच्यासाठी चहा ठेवला. ती मागच्या खोलीत गेली. तिथे आतल्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि बुद्धाची छोटी मूर्ती आहे. तिने हात जोडले आणि मग समोरच्या, बाहेरच्या भिंतीकडे बघून म्हणाली, "काका, फोटो आधी इथे होता का? नेल अजून आहे."

नव्या रंगातून तो खिळा वर आला होता. मी रंगवताना त्याच्याभोवती ब्रश फिरवला होता, विचार न करता. तीन वर्षांपूर्वी धम्मशीलाने तो फोटो तिथून काढून या भिंतीवर लावला. मी विचारलं तर म्हणाली, इथे उजेड बरा पडतो. या भिंतीवर उजेड पडतच नाही. मी तिथे उभा राहिलो आणि मला एकेक गोष्ट दिसत गेली. फोटोच्या मागे ओल लागून कागद पिवळा पडायला लागला असणार, तिने तो उतरवला, पुसला, कोरड्या भिंतीवर लावला. फोटो वाचवला आणि स्वतः त्याच ओल्या भिंतीशी उशी लावून झोपत राहिली. डॉक्टरांना नो म्हणाली. तीस वर्षं नर्स होती ती, दुसऱ्या कोणा पेशंटने असं सांगितलं असतं तर तिने त्याला फाडून खाल्लं असतं. तिला सगळं माहीत होतं. ते पत्र तिनेच तर वाचून दाखवलं होतं. तिने मला तोंडघशी पडू दिलं नाही. दादांना पडू दिलं नाही.

"घरात डॅम्प, मोल्ड काही?" निधी टॅबकडे बघत म्हणाली. "मला विचारावं लागतं. सगळं ड्राय दिसतंय तसं. नो टाकू ना?"

ती नो टाकायच्या तयारीत होती. तिचं बोट काचेवर एक इंच वर होतं. मी गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं, हे मी शंभर वेळा स्वतःला सांगितलंय. किती आठवडे उरलेत? चार, सहा? त्यात ही भिंत आणखी काय करणार होती? खिडकीत बसून गेली असती. पण रात्री मशीन चालू असताना ती जो एकेक श्वास घेईल तो याच भिंतीतून येईल, मी पांढरी केलेल्या, आणि ती मला काही म्हणणार नाही, हे मला सहन होईना. ती नेहमीसारखं पाठीशी घालेल आणि मी घालू देईन, शेवटच्या श्वासापर्यंत.

"नाही," मी म्हणालो. "नो टाकू नकोस."

मी स्वयंपाकघरातून उलथनं आणलं आणि भिंतीवर चालवलं. पांढऱ्या रंगाची पट्टी सुटली. खालचा गिलावा काळा आणि ओला होता. वास आला. निधी मागे सरकली आणि तिने तोंडावर हात धरला. मग तिला बाहेर नेऊन वीट दाखवली. तो तुकडा मी खिशातच ठेवला होता.

तिने तो हातात घेऊन उलटसुलट बघितला. मग म्हणाली, "काका, मी आँटींना इथे पाठवू शकत नाही. तुम्हाला माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"हॉस्पिसमध्ये बेड मिळतो का बघते मी. किंवा तुमची डॉटर..."

"ती एडिनबरात तिसऱ्या मजल्यावर राहते. आणि धम्मशीला तेवढा प्रवास करू शकत नाही."

"भिंत रिपेअर केली तर?"

"सिमेंट काढून चुना भरायचा. सुकायला एक उन्हाळा लागतो." मी हे अगदी शांतपणे सांगितलं, एखाद्या मीटिंगमध्ये सांगावं तसं.

ती गेल्यावर अक्षराचा फोन आला. "पप्पा, मम्मी तीन वाजता येते ना? मी फ्रायडेची ट्रेन बुक करते. तुम्ही का नाही बोलत? काय झाला?" मी तिला सांगितलं. ती रडली आणि मग रागावली. "तुम्ही खोटा बोलायला पाहिजे होता, पप्पा. फक्त एक वेळा. आता कशाला खरा?" तिचं बरोबर होतं. तीस वर्षं खोटं बोललो आणि जेव्हा त्या खोट्याचा कोणालातरी उपयोग होता, तेव्हा मला खरं सुचलं. फोन ठेवून मी छिन्नी आणि हातोडी काढली, बाहेर गेलो आणि दरजा फोडायला लागलो. बैल गेला अन् झोपा केला. सिमेंट हलत नव्हतं. दादांचं काम होतं ते. छिन्नी सटकत होती, विटा फुटत होत्या, आणि खिडकीखाली त्या अंगठ्यापाशी आलो तेव्हा माझा हात उचलेना. मी भिंतीला टेकून मोठ्याने रडलो. रस्त्यावरून कुत्रा घेऊन एक बाई जात होती, ती थांबली, आर यू ऑल राइट म्हणाली, आणि मी येस, थँक यू म्हणालो.

हॉस्पिटलला जायला ट्राममध्ये बसल्यावर आजोबांचा विचार डोक्यातून जाईना. लोकांना वाटतं वेसकर म्हणजे राखणदार, कोणाला आत घ्यायचं ते ठरवणारा. आजोबांनी उभ्या जन्मात वेशीत कोणाला अडवलं नाही. त्यांना तो अधिकारच नव्हता. हॅना विडोसनलाही नव्हता. गाडी आली की उघडायचं, एवढंच. आमच्या घराण्यात वेशीवर उभं राहून कोणाला आत येऊ नको म्हणणारा मी पहिला निघालो, आणि अडवलं ते हिला.

वॉर्डाच्या दारातूनच ती दिसली. पलंगावर नव्हती, शेजारच्या खुर्चीत बसली होती. अंगात निळा कोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, नाकाला नळी, पायांत बाहेरचे बूट, मांडीवर पर्स. दहा वाजल्यापासून तयार होऊन बसलीये, असं नर्स म्हणाली, ऐकेचना. मी समोरच्या स्टुलावर बसलो. तिने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं नाही. माझ्या हातांकडे बघितलं. नखांत लाल गाळ होता, बोटांवर करडी धूळ.

"सांगितलंत?" तिने विचारलं.

"हो."

तिने डोळे मिटले. मग ती म्हणाली, "दादांचा अंगठा?"

"आहे. तो नाही फोडला."

"बरं केलंत." ती थोडा वेळ श्वास गोळा करत राहिली. "आता ते डॉक्टर मला रागावणार. मी नाही म्हणाले होते."

मला तिची क्षमा मागायची होती, पूर्ण वाक्य तयार करून आणलं होतं ट्राममध्ये. मी ते म्हणायच्या आत तिने पर्स बाजूच्या टेबलावर ठेवली आणि कोटाच्या गळ्याशी हात नेला. बोटं बटणावरून दोनदा सरकली.

"उकडतंय," ती म्हणाली. "काढा जरा. मला जमत नाहीये."

मी वाकून तिचं वरचं बटण काढलं. मग त्याच्या खालचं.